हळद निवडणारे हात

आज रविवार. नांदेडमध्ये कष्टकऱ्यांच्या कृष्णधवल फोटोंचं प्रदर्शन पाहून आले. आई जाऊन दोन महिने झाले. आधार कार्डावरचा अंधुक फोटो सोडला, तर तिचा एकही फोटो माझ्याकडे नाही.

आईसोबत हळद निवडायला जाणाऱ्या कमलमावशी बरोबर होत्या. एका मोठ्या फोटोसमोर त्या थांबल्या. "ही तुझी मायच हाय की. वाकडं बोट बघ न."

मी ओळखलंच नव्हतं. फोटोत हळदीच्या ढिगावर फक्त दोन हात होते, राखेच्या रंगाचे. आईचे हात मी कायम पिवळेच पाहिले.

"तोंड कुठंय हिचं?" मावशींनी तिथेच उभ्या असलेल्या फोटोग्राफरला विचारलं.

"चेहऱ्याचेही फोटो काढले होते, मावशी. पण त्या हसत होत्या. कष्टाच्या विषयाशी ते जुळेना, म्हणून डिलीट केले."

"मीच हसवलं होतं तिला," मावशी हळूच म्हणाल्या.

फोटोग्राफरनी माफी मागितली. त्यांना तरी काय बोलणार? मीही कधी तिचा फोटो काढला नाही. पण कष्ट करणारं माणूस हसताना दिसलं, तर त्याचे कष्ट खोटे ठरतात का?

घरी आले. एकटीपुरता भात टाकला आणि जेवून घेतलं.