जिन्यातला जीजाजींचा आवाज

भूत-बित मी मानत नाही... उलट मीच लोकांना घाबरवतो. बडवानीच्या शाळेत हेडसरांचा आवाज काढून पूर्ण वर्गाला सुट्टी दिली होती मी! म्हणून या मॅटरमध्ये पहिला शक माझ्यावरच आला.

कोचिंगसाठी मी इंदूरला काकांकडे राहतो, छत्रीबागेत, वरच्या मजल्यावर. चुलतबहीण मृणालताईचा साखरपुडा झाला आणि अनिकेत जीजाजी लगेच लद्दाखला बोगद्याच्या कामावर गेले. तिकडे नेटवर्क लागलं तर लागलं. साखरपुड्याआधी आमच्याकडे यायचे, तेव्हा एकदा खालून त्यांची चप्पल चोरीला गेली; तेव्हापासून आले की अर्ध्या जिन्यातूनच ओरडायचे — "मृणाल, चप्पल वर आणू का?" साखरपुड्यात मी हीच नक्कल केली होती.

एका दुपारी जिन्यातून तोच आवाज आला. ताई धावत खाली गेली... कोणीच नाही. दोन दिवसांनी परत! संध्याकाळी तिनं माझा कानच धरला.

"नालायका, तूच ना?"

"आईशप्पथ ताई, मी पलासियाला क्लासमध्ये होतो! विचार कोणालाही."

तिनं कान सोडला आणि हळूच म्हणाली, "म्हणजे ते इंदूरमध्येच आहेत. माझ्यापासून लपवताहेत. अजून एकदा असं झालं ना, अंगठी परत करीन."

रविवारी सगळे पोहे खात बसलो होतो. आणि जिन्यातून... तेच. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी भरलेलं तोंड उघडून दाखवलं.

"शी! बंद कर ते," काकू ओरडली.

काका खाली पळाले. समोरचा इस्त्री करणारा प्रेसवाला म्हणाला, "कोई नी आया भिया."

पण एक सांगू? माझ्या नकलेत दम लागत नाही. त्या आवाजाला दम लागला होता.

ताईनं व्हिडिओ कॉल लावला. कधी नव्हे तो लगेच लागला. जीजाजी हेल्मेटमध्ये, मागे बर्फच बर्फ.

"खरं सांगा, कुठे आहात?"

"साइटवर... अगं, इथे दोन पावलं चाललो तरी... धाप लागते. का गं, रडतेस?"

ताईनं माझ्याकडे बघितलं. मी ताटलीत.

अंगठी बोटातच राहिली. पण जीजाजी सुट्टीवर आले तेव्हा ताईनं दार उघडलं नाही. "आधी फोन करा," आतूनच म्हणाली. बिचाऱ्यांनी केला. बाहेरून आणि फोनमधून एकदमच "हॅलो" आलं, तेव्हा कुठे तिनं कडी काढली.

डिसेंबरात लग्न आहे. तो आवाज कोणाचा, मला आजही माहीत नाही. माझा नव्हता, एवढं पक्कं... काकू तेही मानत नाही.