स्पीकरवरच्या काकू

आमच्या समोरच्या काकूंचा फोन कानाला लावला की आवाजच येत नाही. फक्त स्पीकर चालतो. त्यामुळे त्या फोन ताटलीसारखा तळहातावर धरून दारात उभ्याने बोलतात, आणि रसायनीला दिलेल्या लेकीनं आज काय रांधलं हे सगळ्या जिन्याला कळतं.

परवा फोनमधून रडणं आलं. "आई, ह्यांनी आज परत मारलं गं मला."

जिन्यातले आम्ही थिजलो. परत? रोज ऐकूनही आम्हाला पत्ता नव्हता. काकूंनी आवाज खाली केला नाही.

"आतून कडी लाव. भ्यायचं नाय. मी निघाले," म्हणत त्या अनवाणीच उतरल्या.

संध्याकाळी रिक्षातून लेक त्यांच्यासोबत उतरली. तिच्या चेहऱ्याकडे आम्हाला बघवेना.