ठुशी टोचते, काय करावे

दोन हजार तेवीस साल. मला तेव्हा चौऱ्याहत्तरावं लागलं होतं. कागदावर मी थोडा तरणा आहे, कारण शाळेत घालताना मास्तरांनी माझं वय उंचीवरून ठरवलं. त्या शाळेत मी तिसरीपलीकडं गेलो नाही. पण वाचता येतं, आणि हे लिहितोय तेही मीच. सूनबाईंनी ऱ्हस्व-दीर्घ तेवढं नीट केलंय, आणि तेही सगळं करू दिलेलं नाही.

आमचं घर वेल्ह्याच्या रस्त्याला, मार्गासनीच्या अलीकडं. घरची भातशेती. पण पोरवयात मी भोरात एका पटवेकऱ्याच्या हाताखाली बसलो. सोनार मणी घडवतो, पटवेकरी ते रेशमात ओवून त्याची माळ करतो. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला, दुसरं हातात, आणि मधे मणी. ठुशी, बोरमाळ, मोहनमाळ, चिंचपेटी, सगळं या अंगठ्याच्या आधारानं झालं. भोरच्या बाजारात माझी बसायची जागा ठरलेली. पाटी नाही, बोर्ड नाही. गिऱ्हाईक शोधत मी कधी गेलो नाही, गिऱ्हाईक मला शोधत आलं.

मग डोळ्यांना दोरा दिसेनासा झाला, आणि रोगाच्या साथीत बाजार बंद पडला तो माझ्यापुरता बंदच राहिला. तोवर सूनबाई माझ्याजवळ बसून शिकली होती. तिचं माहेर सारोळ्याचं, बारावीपर्यंत शिकलेली. तिच्या हाताला ओढ चांगली आहे. दोरा ओढताना तो किती ताणायचा हे सांगून येत नाही, ते तिला आपसूक आलं. घरात माझ्यामागं हे काम करणारी ती एकटीच.

तिनं मोबाईलवरच वेबसाईट काढली. ओसरीत पाटावर लाल कापड अंथरून फोटो काढले. म्हणाली, "मामा, आता सगळं जग बघंल."

मी म्हटलं, "बघू द्या. आपण झाकून थोडंच ठिवलंय?"

दागिन्यांना नावं द्यायची वेळ आली तेव्हा आमचं वाजलं. माझ्या धंद्यात नमुन्याला नाव नसतं. जिच्या गळ्यात तो पहिल्यांदा गेला, तो तिचा. बाई येऊन म्हणायची, "आमच्या थोरल्या काकूला केलीत तसली करा," किंवा "वरच्या आळीची करा." मला लगेच कळायचं, किती पदरी, मणी केवढा, गोंडा कसला. तशीच नावं मी सूनबाईला घालायला लावली. थोरल्या काकूची ठुशी. वरच्या आळीची मोहनमाळ. सरपंचीणबाईंची चिंचपेटी.

"मामा, हे कुणाला कळणार?"

"भोरात जाऊन इचार."

"भोरात कळंल हो. अमरावतीच्या बाईला आपली थोरली काकू कुठली म्हाईत?"

"मंग होऊ दे म्हाईत. काकू काय लपून बसलीय?"

ती हसली, पण नावं तीच ठेवली. मोठ्या माणसाचा शब्द तिनं मोडला नाही.

वेबसाईट काढून वर्ष होत आलं तरी कोणी आलं नाही. ओळखीतल्या दोघी-तिघींनी घेतलं तेवढंच. मला ते पटेना. मार्गासनीत पाहुण्यांच्या घरी लग्न होतं, तिथं मी मांडवात बसलेल्या सगळ्यांना मोबाईल काढायला लावले. म्हटलं, आमच्या दुकानाचं नाव टाका. ज्यानं टाकलं त्याच्या मोबाईलवर आमचं दुकान सगळ्यात वर! मी मिशीवर हात फिरवत घरी आलो आणि सूनबाईला म्हटलं, "तू उगं रडती. सगळ्यांच्यात पयलं येतंय आपलं."

ती भाकरी थापत होती. म्हणाली, "ज्याला नाव म्हाईत हाय त्याला सापडणारच, मामा. आपल्या दारात उभं राहून आपलाच पत्ता इचारल्यावानी झालं ते. ज्याला नाव म्हाईत न्हाई, त्याला सापडाया पायजे."

मी जेवायला बसलो. भाजीला मीठ कमी असल्याचं सांगितलं.

भातलावणी उरकली त्या आठवड्यात सारोळ्याहून तिच्या भावाचा फोन आला. हायवेवरच्या एका कंपनीत त्यानं तिच्यासाठी शब्द टाकला होता. पॅकिंगचं काम, कंपनीची गाडी न्यायला-सोडायला. आठवडाभर माहेरी राहायचं, सुट्टीला इकडं यायचं. माझा मुलगा पानशेतच्या हॉटेलांना टेम्पोनं भाजी पुरवतो. तो म्हणाला, "जाऊ द्या की आप्पा. हितं बसून तरी काय हुतंय?"

ती गेली म्हणजे दोरा गेला. पेटीतले मणी पेटीतच राहणार. तिला अडवायला माझ्याकडं कारणही नव्हतं. काम असतं तर अडवलं असतं.

दुपारी ती ओसरीत माझ्याजवळ येऊन बसली. हातात मोबाईल. "मामा, मी दसऱ्यापत्तुर वेळ मागून घेतलाय. तवर एक करून बघू. पर तुमाला माझं ऐकावं लागंल."

"आधी काय त्ये सांग."

तिनं शोधायची ती पांढरी चौकट उघडली, मोबाईल माझ्या हातात दिला. "दुकानाचं नाव टाकू नका. नुसतं 'ठुशी' लिवा."

बोटानं एकेक अक्षर दाबलं. ठुशी. मी पुढं काही लिहिलं नाही, तोच चौकटीच्या खाली आपोआप ओळी लोंबू लागल्या. मी मोबाईल लांब धरला, कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि वाचलं.

ठुशी टोचते काय करावे.

ठुशीचा दोरा काळा पडला.

जाड मानेसाठी ठुशी.

"हे कोण लिवतंय?" मी विचारलं.

"बाया लिवत्यात, मामा. गावोगावच्या. लई जणींनी जे इचारलं ते असं खाली येतं."

"आत्ता?"

"कवाही. दिवसरात."

साऱ्या हयातीत मी बायकांच्या गळ्यातलं काम केलं, पण बाईच्या मानेला मापाचा दोरा मी कधी लावला नाही. तशी रीतच नव्हती. तिची सासू नाहीतर आई घरी मानेभोवती दोरा धरायची, तिथं गाठ मारायची आणि तो दोरा मला आणून द्यायची. दोऱ्यावरून मी मान ओळखायचो. पण 'माझी मान जाड आहे, मला शोभंल असं काही आहे का' हे एकाही बाईनं माझ्यासमोर तोंड उघडून विचारलं नव्हतं. 'टोचते' असंही कुणी म्हणाली नाही. टोचत असणार. गप घालत असणार. आणि इथं त्या सगळ्या जणी या इवल्या चौकटीमागं उभ्या राहून विचारत होत्या. डोईवरचा पदर ढळू न देता, कुणाचं तोंड न बघता.

मी मोहनमाळ लिहून बघितलं. तिथंही ओळी. चिंचपेटी लिहिलं. तिथंही. यात्रेची गर्दी मी पाहिलीय, पण अशी गर्दी नाही. आवाज नाही, धूळ नाही, आणि प्रत्येकीचं बोलणं वेगळं ऐकू येतंय.

मग मी विचारलं, "थोरल्या काकूचं कुणी इचारलं का?"

"न्हाई, मामा."

ती हसली नाही, ते बरं केलं.

मी परत पहिली ओळ काढली. "ही काय म्हणती? टोचते? टोचणारच. तारंत ओवलेली आसंल. तारंची टोकं मागं वळवत्यात, ती मानंत शिरत्यात. रेशमात ओवून शेवटची गाठ मण्याच्या पोटात ढकलली तर टोचंल कशाला?"

"थांबा, थांबा," ती म्हणाली, "हे असंच्या असं लिवून घेते."

तिथून आमचं काम सुरू झालं. दुपारी ओसरीत मी बोलायचो, ती लिहायची. एकेका प्रश्नाचं एकेक पान. दोरा काळा का पडतो, घामानं का अत्तरानं. मानेचं माप घरच्या घरी कसं घ्यायचं. मी फार बोलायला लागलो की ती म्हणायची, "मामा, तिनं इचारलंय तेवढंच." फोटोखालीसुद्धा तिनं शब्द लिहिले. मी म्हटलं, फोटोत दिसतंय की. तर म्हणाली, त्या पांढऱ्या चौकटीमागच्या शोधणाऱ्याला आपल्यासारखं दिसत नाही, तो मुख्यत्वे लिहिलेलं वाचतो. हे काही केल्या माझ्या डोक्यात बसेना. सगळं जग क्षणात धुंडाळतो, आणि नजर एवढी अधू? मग म्हटलं, माझे डोळे तरी कुठं धड आहेत?

फोटो जड होते, आमच्याकडच्या रेंजमध्ये उघडायला वेळ लागायचा. ते तिनं हलके केले. नावांवरून शेवटची झटापट झाली. ती म्हणाली, वर लिहायचं 'न टोचणारी, रेशमात ओवलेली ठुशी'. मी म्हटलं, लिही. पण काकूला घराबाहेर काढायचं नाही. शेवटी खाली बारीक अक्षरात लिहिलं, आमच्याकडं हिला थोरल्या काकूची म्हणतात. त्यापेक्षा मी मागं सरलो नाही.

"आता दिसंल का?" मी विचारलं.

"लगीच न्हाई. त्यो शोधणारा येतो, पानं वाचतो, मंग नोंद घेतो. थोडे आठवडे लागत्याल."

"सातबाऱ्यावर नोंद व्हायला लागत्यात तसे?"

"त्याच्याआधी हुईल, मामा."

माझा मुलगा आतून म्हणाला, "मंग कायबी हरकत न्हाई. मी म्हातारा व्हायच्या आत होतंय म्हना की!"

भात पोटरीत आलं, लोंब्या फुटायच्या बेतात. भावाचा फोन दर चार-आठ दिवसांनी यायचा, ती तेवढ्यास तेवढं बोलून ठेवायची. नवरात्र बसलं. तिनं पिशवी भरायला काढलेली मी पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं.

घट उठायच्या आदल्या दिवशी दुपारी फोन वाजला. बाई खानदेशातली होती, बोलण्याच्या वळणावरून कळलं. सूनबाईनं आवाज मोठा करून फोन माझ्यासमोर पाटावर ठेवला.

"ते ठुशी टोचते त्यावर लिहिलंय, ते तुमचंच ना?" बाई म्हणाली. मुलीचं लग्न आहे. माझ्याच गळ्याचं ऑपरेशन झालंय, खूण आहे. ती झाकली जावी, पण तिथली कातडी नाजूक आहे, तार सोसत नाही. दुकानात हे सांगायचं म्हणजे सगळे खूण बघायला लागतात. "रात्रंदिवस तेच डोक्यात होतं. म्हणून विचारून बघितलं मोबाईलला, तर तुमचं पान आलं. तुम्ही लिहिलंय ना, दागिन्यासाठी मान नसते, मानेसाठी दागिना असतो. ते वाचलं न् फोन लावला."

ते वाक्य माझं होतं. याच ओसरीत, याच खांबाला टेकून बोललेलं. आमच्या डोंगराच्या पलीकडं माझं नाव कुणाला ठाऊक नाही. आणि त्या बाईला माझं नाव नाही, गाव नाही, काही ठाऊक नसताना, तिच्या दुखण्याच्या वाटेनं ती सरळ या पाटापर्यंत आली होती. इतक्या नद्या, इतके घाट मधे असताना. सूनबाईनं विचारलं, खूण किती रुंद, लग्न कधी. मग मी एवढंच म्हणालो, "ताई, मानंभवती दोरा घ्या. बोटभर सैल. आमी करतो."

फोन ठेवल्यावर सूनबाईनं बाईचा नंबर लिहून घेतला. मग म्हणाली, "मामा, मला ऱ्हायचंय. ही एक ठुशी म्हणून न्हाई. आनखी दोघींनी पान वाचून इचारलंय, तुमाला सांगितलं न्हाई, उगं आस नको म्हणून. पर दादानं कंपनीत शब्द टाकलाय. त्याचं तोंड खाली जाईल. त्याला कुठल्या तोंडानं सांगू?"

"त्ये तू न्हाई सांगायचं," मी म्हटलं.

सुनेच्या माहेरी आवतण आल्याशिवाय मी पाऊल ठेवलेलं नव्हतं. मुलाकडच्यानं मागायला जायचं नसतं, असं आमच्यात मानतात, आणि मी तर जास्तच मानतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुवट टोपी घातली, पहिल्या एसटीनं नसरापूरला उतरलो आणि हायवेवर सारोळ्याची गाडी धरली. सूनबाईचा भाऊ दारातच होता, विहीणबाई लगबगीनं पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मी म्हटलं, "पाणी मंग पितो. आधी मागणं करतो. तुमची लेक आमच्याकडं कामाला लागलीय, तिला दुसरीकडं नेऊ नका."