संत योसेफाचा गुण्या

पवित्र मूर्ती घडवायला आधी मन पवित्र असावं लागतं. निदान दौंडच्या आमच्या चर्च समितीचे अध्यक्ष तसं सांगत. मूर्ती घडवणारे वरवंडचे आप्पा म्हणत, आधी लाकूड वाळलेलं असावं लागतं. मनाचं नंतर बघता येतं.

आप्पा पिढीजात सुतार. त्यांच्या वडिलांनी रेल्वे वसाहतीतल्या एका गोवेकर मिस्त्रीकडून संत कोरायची विद्या उचलली आणि मुलाला दिली. आप्पांच्या शेडमध्ये एका भिंतीला दारांच्या चौकटी टेकलेल्या असतात, दुसऱ्या भिंतीला संत. भुसा दोघांवरही सारखाच बसतो.

मी समितीचा चिटणीस, म्हणजे इतरांची लांब भाषणं आखूड करून लिहिणारा माणूस. आप्पांच्या वडिलांनी कोरलेला आमचा जुना संत योसेफ पायाकडून वाळवीनं खाल्ला, तेव्हा अध्यक्षांनी मुंबईहून फायबरची मूर्ती आणायचं काढलं. वजनाला हलकी, वाळवीची भीती नाही आणि गाल गुलाबी. बऱ्याच चर्चेनंतर ठरलं की आप्पांनी नवी मूर्ती करून आणावी; संत योसेफाच्या सणाच्या आधीच्या रविवारी पसंत पडली तर ठीक, नाहीतर फायबर.

हे सांगायला मी वरवंडला गेलो. आप्पा रंधा मारत होते. ते थांबले नाहीत.

"सर, बाकीच्या चर्चांनी कवाच फायबर आणलं. आता तुमचंच एक ऱ्हायलंय," ते म्हणाले. "ह्यो योसेफ माघारी आला, तर वडलांची हत्यारं गुंडाळून ठिवतो. मग हायेतच चौकटी."

ठरल्या रविवारी मूर्ती टेम्पोतून आली. सागवानाची, कमरेइतकी उंच. टाचांना उन्हाळ्यात अनवाणी चालणाऱ्याला पडतात तशा भेगा. आणि उजव्या हातात, बोटांच्या खाचेत नीट बसवलेला, सुतार काटकोन तपासायला वापरतात तो खराखुरा गुण्या.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "आप्पा, हा वापरलेला आहे."

"व्हय. माझाच हाय."

"अहो, गुण्यासुद्धा लाकडात कोरायचा असतो. मूर्तीचा भाग म्हणून!"

"कोरला आस्ता. पन त्यानं मापायचं काय? सुताराच्या हातात खेळण्यातला गुण्या शोभत न्हाई. त्यो आपल्याच धंद्यातला माणूस हाय."

"संत योसेफ इथं मोजमापं घेणार आहेत का?"

"त्ये मला काय ठाव," आप्पा म्हणाले आणि दोघातिघांच्या मदतीनं त्यांनी मूर्ती उचलून चौथऱ्यावर ठेवली.

चौथरा नवा होता, संगमरवरी. अध्यक्षांनी स्वतः उभं राहून तो बांधून घेतला होता. त्यावरच्या पाटीत संतांचं नाव वर होतं आणि अध्यक्षांचं मोठं होतं. त्यावर उभा राहताच संत योसेफ डावीकडे कलला.

"बघा!" अध्यक्षांचा चेहरा उजळला. "मूर्तीच वाकडी! म्हणून म्हणत होतो, फायबर..."

आप्पांनी मूर्ती उतरवून सपाट फरशीवर ठेवली. ती सरळ उभी राहिली. मग त्यांनी संतांच्या हातातला गुण्या अलगद काढला आणि चौथऱ्याच्या कोपऱ्याला लावला. एक बाजू दगडाला चिकटली. दुसरी बाजू आणि दगड यांच्यात चांगली फट दिसत होती.

आमचे फादर वसईकडचे, तरुण. ते गुडघ्यांवर बसले, तेव्हा प्रार्थना करतायत असं वाटून मागच्या बाकावरच्या दोन बायका उभ्या राहिल्या. फादरांनी फटीत करंगळी घातली.

"अध्यक्ष, बोट जातंय."

"राजस्थानी संगमरवर आहे, फादर."

"दगुड झ्याक हाय," आप्पांनी समजूत घातली. "बसवणाऱ्याला घाई व्हती."

मूर्ती ठेवायची आणि चौथरा पुन्हा बसवायचा, असं फादरांनी तिथल्या तिथं सांगितलं. इतिवृत्तात मी "चौथऱ्यात किरकोळ सुधारणा" असं लिहिलं. सणाच्या दिवशी अध्यक्ष नम्रतेवर पाऊण तास बोलले. फायबरचा विषय त्यानंतर निघालेला नाही. आप्पांच्या शेडमध्ये आता आमचा संत अंतोन अर्धा झाला आहे.

सध्या चर्चच्या खिडक्या बदलायचं कामही आप्पांकडेच आहे. त्यामुळे सोमवार ते शनिवार संत योसेफाचा हात रिकामा असतो.