वसुधाताईंची काळी चार

वसुधाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी इंडस्ट्रियल एरियातल्या आमच्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये बेअरिंगची मोजणी करत होते. फोन त्यांच्या मुलीचा होता, ईशाचा, पुण्याहून. "आंटी, मम्मी सुबह उठी ही नहीं..." एवढंच ती म्हणाली. किती वाजता कळलं, जवळ कोण होतं, पुढचं सगळं कोण बघतंय, हे मी विचारून घेतलं आणि अर्धवट राहिलेला कप्पा पुन्हा पहिल्यापासून मोजला. मोजणी जुळली. आता दीड महिना होऊन गेलाय. त्यांच्याबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि त्यांच्या कादंबरीतली प्रत्येक वस्तू कुठे ठेवलेली आहे हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही, म्हणून लिहिते आहे.

इकडे उत्तरेत, या शहरातल्या सेक्टर २२ मध्ये त्या तळमजल्यावर राहायच्या आणि मी वरच्या. त्या कऱ्हाडच्या, मी अकोल्याची. तिकडे असतो तर आमची गाठ पडण्याचं काही कारण नव्हतं. इथे मात्र जिन्यात मराठी ऐकू आलं एवढ्यावर सोळा वर्षं निघाली. त्या कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. त्यांचे यजमान, डॉक्टरसाहेब, इथल्या मोठ्या हॉस्पिटलात होते. ते गेल्यावर वर्षभराने ताईंनी कादंबरी लिहायला घेतली, तीही मराठीत. मी विचारलं, "ताई, इथे कोण वाचणार? ईशा तर हिंदीत उत्तर देते." त्या म्हणाल्या, "तू वाचणार. रविवारी जेवण झाल्यावर काय करतेस? झोपतेस ना? मग झोपू नकोस."

त्यांची नजर अधू झाली होती. त्या सांगायच्या आणि मी लिहून घ्यायचे. इंग्रजीत अशा कादंबरीला गॉथिक रोमान्स म्हणतात, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. कालक्याच्या वर डोंगरात, देवदारांमध्ये एक जुनी कोठी, तिचा अबोल विधुर मालक, आणि त्याच्या पुतणीला गाणं शिकवायला आलेली रेवती. कोठीत वस्तूच वस्तू. चौथ्या प्रकरणापासून मी सवयीने त्या वस्तूंची वही सुरू केली: वस्तू, प्रकरण, ठिकाण, कुणाच्या हातात, अवस्था. आठवड्याभरातच चूक सापडली. "ताई, चौथ्यात कंदिलाची काच फुटलीय आणि सहाव्यात रेवती ती पुसतेय." "दुसरी आणली असेल." "कुणी? बर्फाने रस्ता बंद आहे, तुम्हीच लिहिलंय." त्या खूप वेळ हसत राहिल्या. "स्टोअरबाई, तुला माझ्या कोठीत नोकरीलाच ठेवायला हवं," म्हणाल्या, आणि काच फुटकीच ठेवली.

वस्तूंवरून आमचे वाद व्हायचे. कोठीच्या दिवाणखान्यातल्या मोठ्या आरशावर त्यांनी चादर टाकून ठेवली होती. मी म्हणाले, "धूळ बसते म्हणून का?" "त्या घरात कुणाला स्वतःकडे बघायचं नाहीये म्हणून." "मग आरसाच काढून टाकायचा." "काढला तर बघायचं नाहीये हे कळणार कसं गं?" मला ते पटलं नाही, पण त्या दिवशी वहीत 'अर्थ' नावाचा आणखी एक रकाना आखला. तो त्या सांगतील तसा भरत गेले. चाव्यांचा जुडगा : ज्या खोल्या मालक कधीच उघडत नाही, त्यांच्याच चाव्या तो कमरेला बाळगतो. फुटकी काच : उजेड मिळेल, पण हात कापेल. शेवटची नोंद पेटीची होती. मालकाची मेलेली बायको वाजवायची ती पेटी. तिच्यातली एक पट्टी मुकी होती, मधल्या सप्तकातली काळी चार. रेवती त्या बायकोची जुनी चाल वाजवायला बसली की त्या जागी सूर गळायचा, आणि मालक शेजारच्या खोलीत थबकायचा. नोकर म्हणायचे, बाईसाहेब तो सूर सोबत घेऊन गेल्या. "याचा अर्थ काय लिहू?" मी विचारलं. "तो रकाना रिकामा ठेव. शेवटच्या प्रकरणात सांगते."

ही पेटी त्यांनी कुठून घेतली ते उघड होतं. डॉक्टरसाहेबांची पेटी त्यांच्याच बैठकीत होती, आणि तिचीही काळी चार वाजत नव्हती. दाबली की नुसती हवा जायची. डॉक्टरसाहेब संध्याकाळी एकच भजन वाजवायचे, ते वरपर्यंत ऐकू यायचं, आणि प्रत्येक ओळीत एका जागी गप्प व्हायचं. मला ते पायरी चुकल्यासारखं वाटे.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात ताई ईशाकडे पुण्याला गेल्या आणि किल्ली माझ्याकडे ठेवून गेल्या. मी घराची यादी केली. नळाचा वॉशर, उडालेली ट्यूब, पडद्याच्या कड्या, पेटीची पट्टी. परत आल्यावर सगळं ठाकठीक दिसावं, एवढाच हेतू. आमच्याच मार्केटातले एक वयस्कर मास्टरजी पेट्या दुरुस्त करतात. त्यांनी पेटी उघडली, आत बोट घातलं आणि माझ्याकडे बघितलं. "मॅडम जी, ये खराब नहीं है. किसी ने बंद की हुई है." जिच्यातून सूर निघतो त्या पितळी रीडखाली घडी केलेला कागद खोचलेला होता. "खोल दूँ? पक्का?" मी म्हणाले, "पक्का." बंद पडलेली गोष्ट चालू करायची असते, यात विचारण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं. कागद मी कचऱ्यात टाकला.

ताई परत आल्या त्या सकाळी मी त्यांना यादी वाचून दाखवली. नळ, ट्यूब, कड्या, सगळ्याला "शाब्बास" मिळालं. पेटीचं ऐकून त्या उठल्या, भाता सोडला, काळी चार दाबली. ती खणखणीत वाजली. त्यांनी बोट काढलं नाही, हवा संपेपर्यंत सूर चालू राहिला... मग म्हणाल्या, "कागद कुठेय?" "टाकला." "कुठे?" "ताई, त्याला महिना झाला."

मग त्यांनी सांगितलं. लग्नानंतर डॉक्टरसाहेब त्या भजनात रोज काळी चारवर चुकायचे. सूर तिथे नकोच होता, आणि यांचं बोट तिथेच पडायचं. एकदा चिडून ताईंनीच, ते हॉस्पिटलात असताना, पेटी उघडली आणि रीड बंद केली. संध्याकाळी ते वाजवायला बसले, त्या जागी आवाज आला नाही. ते क्षणभर थांबले आणि पुढची ओळ वाजवली. कधी विचारलं नाही, कधी उघडून बघितलं नाही. "तीस वर्षं तिथे बोट ठेवायचे आणि गप्प बसायचे. माझ्याशी त्यांचं सगळ्यात जास्त बोलणं तेवढ्या जागेत झालंय," ताई म्हणाल्या. "शेवटच्या प्रकरणात रेवतीला तो कागद सापडणार होता. आता माझ्याकडेच नाही, तर तिला कुठून देऊ?"

मी म्हणाले की मास्टरजींना सांगून दुसरा कागद घालून घेते. त्यांनी मान हलवली. "तो तुझा होईल." रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. थोड्या वेळाने विचारलं, "कसा होता गं?" हे मला सांगता आलं. औषधाच्या खोक्याचा तुकडा, पिवळा पडलेला, तीन घड्या, एका कडेला निळ्या शाईची अर्धी सही. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, "सही त्यांची. मी त्यांच्याच टेबलावरून उचलला होता."

त्यानंतर रविवार बंद झाले नाहीत, पण आम्ही मागचीच प्रकरणं तपासत बसायचो. शेवटचं प्रकरण राहिलंच. मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. माझ्यामुळे पुस्तक अडलं, एवढं मला कळत होतं. गेल्या हिवाळ्यात त्या पुन्हा पुण्याला गेल्या, आणि मग तो फोन आला.

ईशा घर रिकामं करायला आली. दोन दिवसांत आम्ही सगळं बांधलं. पेटीपाशी ती थांबली. "आंटी, ये आप रख लो. मम्मी ने बोला था. और ये फाइल भी." फाइलमध्ये शेवटचं प्रकरण होतं, पुण्यात लिहिलेलं, वाकड्यातिकड्या मोठ्या अक्षरांत, बहुधा भिंगाने. मी ते उभ्यानेच वाचलं.

त्यात एक नवीन बाई आली आहे. कोठीची कारभारीण, हातात यादी असलेली. ती फुटकी काच बदलते, बिजागऱ्यांना तेल देते, पेटी साफ करवून घेते आणि रीडखालचा पिवळा, तीन घड्यांचा, अर्ध्या सहीचा कागद टाकून देते. तिला कुणी बोल लावत नाही. तिच्याबद्दल एकच वाक्य आहे : त्या घरात कशालाही न भिणारी ती एकटीच होती. मग रेवती ती चाल वाजवते. पट्टी आता वाजू शकते. त्या जागी आल्यावर ती बोट उचलते, एक मात्रा थांबते आणि पुढे जाते. शेजारच्या खोलीतून मालक पहिल्यांदा आत येतो.

आधी ठरवलेला शेवट अधिक चांगला झाला असता का, हे मला सांगता येणार नाही. वहीतला पेटीपुढचा रकाना मी अजून भरलेला नाही. प्रत स्वच्छ करून छापायला देणं यादीत आहे, ते होईल.

पेटी आता माझ्याकडे खिडकीपासून लांब, कोरड्या जागी ठेवली आहे. मला वाजवता येत नाही. वस्तू न वापरता ठेवली की बिघडते, म्हणून रविवारी जेवण झाल्यावर मी तिच्यावरचं कापड काढते, भाता सोडते आणि एका टोकापासून एकेक पट्टी दाबून बघते, मग वहीत तारीख घालते. पट्ट्या सदतीस. तपासल्या छत्तीस.