दोन जवाई आणि एक घाट

सायकलवरून डोंगर पालथे घालायला निघालेल्या माणसाने बायकोला रस्ता सांगू नये. मी सांगितला. नकाशासकट!

माझा साडभाऊ सुधीर, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, नागपूरला राहतो आणि सायकल चालवतो. नुसती चालवत नाही, त्याचे फोटो सासुरवाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. (तेही अंगाला चिकटलेल्या कपड्यांत! ग्रुपवर सासूबाई आहेत, याचंही भान नाही.) सासरची सगळी मंडळी त्याचं कौतुक करायची. थोरला जावई म्हणून त्या घरात बारा वर्षं मिरवलेला मी, हे किती दिवस सोसणार? एका संध्याकाळी लिहून टाकलं, "सुधीरराव, सपाटीवर कोणीही चालवतं. रविवारी भंडाऱ्याला या. डोंगराचा फेरा मारू. रस्ता मी दाखवतो!"

इथे एक सांगायला हवं. मी शेवटची सायकल कॉलेजात चालवली होती, आणि तीसुद्धा उतारावर.

चुलतभावाची गिअरची सायकल मागून आणली आणि जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. भंडाऱ्याहून करडी, करडीहून तुमसर, पुढे आंबागडच्या बाजूची डोंगरातली गावं, घाट चढून पलीकडे उतरायचं आणि मोहाडीवरून परत. कुठे किती वाजता पोहोचायचं, कुठे पाणी प्यायचं, सगळं लाल पेनाने लिहिलं. तेवढ्यात शालू, म्हणजे आमच्या सौ., मागून डोकावल्या.

"करडीवरून जाऊन राहिले? मग मामाच्या घरी थांबान ना?"

"शालू, वेळ मोजून काढलाय. पाच मिनिटं पाणी पिऊ."

"पानी? दोन-दोन जवाई दारात, अन् नुसतं पानी? मामी काय म्हणन!"

तिने माझ्या हातातलं पेन घेतलं. करडीला मामा, तुमसरला आत्या, घाटाच्या पायथ्याशी खुद्द माहेर. पाण्याच्या प्रत्येक खुणेवर एकेक घर बसलं. आणि मी काय केलं? खूश झालो! दम लागला तर टेकायला घरचं अंगण, असा माझा हिशेब. जावई अंगणात टेकला की पुढे काय होतं, हे बारा वर्षांत मी शिकायला हवं होतं. शालूने तिन्हीकडे फोन लावले.

रविवारी आठला करडीत शिरलो, तर मामा पाण्याची बादली आणि टॉवेल घेऊन रस्त्यातच उभे.

"जवाई, सायकलवर? गाडीले काय झालं जी?"

"काही नाही मामा. व्यायाम!"

"व्यायामच करायचा होता तं आमच्या वावरात यायचं ना! धानाचे भारे पडून आहेत."

पाय धुऊन आत बसलो. लाखोरीच्या डाळीचे गरम वडे भरून दोन ताटं आली. सुधीर म्हणाला, "मी फक्त एक केळं घेतो." मामींचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. जावयाचं ताट भरलेलं परत जाणार? मी दोन्ही ताटं संपवली. आमच्या पिढीच्या इज्जतीचा प्रश्न होता!

तुमसरला पुऱ्या आणि पातोडीचा रस्सा. सुधीरने बाटलीतल्या पाण्यात लाल पूड घोळली आणि तेच पीत बसला. आत्याबाई माझ्या कानाशी आल्या.

"ते लाल पानी कायचं जी? दवाई आहे का?"

"ताकदीचं आहे, आत्या."

"मग जेवत काहून नाही?"

सुधीरचं ताट भरलेलंच होतं. ते मी ओढून घेतलं.

सासुरवाडीला कोंबडा शिजला होता. वर खीर. सुधीरने दोन खजूर खाल्ले आणि दोरीउड्या मारल्यासारखा जागच्या जागी उड्या मारू लागला. मी सहा माणसांचं जेवण पोटात घेऊन सायकलवर चढलो, तेव्हा हँडलपर्यंत हात पोहोचेना. मध्ये पोट!

घाटाच्या पहिल्याच वळणावर सुधीर दिसेनासा झाला आणि मी खाली उतरलो. चढणं तर सोडाच, ढकलणंही होईना. मागून धानाची पोती भरलेला ट्रॅक्टर आला. चालवणारा नेमका सासऱ्यांच्या गावचा.

"मोठे जवाई, काहून उभे आहे जी? चढा वर!"

चढलो. सायकलही चढली. पुढच्या वळणावर सुधीर घामाने निथळत पायडल मारताना दिसला, तसा मी पोत्यांत आडवा होऊन तोंडावर रिकामं पोतं ओढलं. पण ट्रॅक्टरवाल्याने जोरात हॉर्न दिला आणि ओरडला, "लहान जवाई, चिंता नका करू! मोठे जवाई वरतं झोपून आहेत!"

संपलं सगळं. सुधीर अख्खा फेरा सायकलवर मारून मजेत नागपूरला गेला. मी घरी येऊन पलंगावर पडलो. सासरी आता काय तोंड दाखवायचं, हा घोर लागलेला असतानाच सासूबाईंचा फोन आला. मी डोळे मिटून कानाला लावला.

"जवाईबापू, सुधीररावाले काय बिमारी आहे? तिन्ही घरी एक घास नाही खाल्ला! पोरीनं लपवलं आमच्यापासून. तुम्हीच समजवा त्याले. जवायाची तब्येत कशी पाहिजे? तुमच्यासारखी!"

मी जिंकलो होतो! ही बातमी शालूला सांगायला ताडकन उठायला गेलो आणि उठताच येईना. शेवटी शालूने शेजारच्या दोघांना बोलावलं, तेव्हा कुठे विजेता उठून बसला.