आत्याचं नाव निजामाबादेत

अर्जात एक रकाना होता : यापूर्वी दुसरीकडे रेशनकार्डात नाव होते काय, असल्यास कोठे. तो मी भरला. आत्या शेजारीच बसली होती. तिला लिहिता येत नव्हतं, आणि मी तिला विचारलंही नाही. उत्तर मला माहीत होतं.

दुष्काळाचं साल होतं. मी वाशीमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. जऊळक्याहून गाडीनं जाणं-येणं करायची. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न होऊन आंध्रात, निजामाबादला गेलेली. नवरा विटांच्या भट्टीवर होता. तो वारला, तशी पाच वर्षांच्या पोरीला घेऊन ती आमच्याकडे आली. रेशनच्या दुकानात तेव्हा लाल मिलो मिळायचा, अमेरिकेहून आलेली ज्वारी. त्याला चव नव्हती, पण बाजारातली ज्वारी आम्हाला परवडत नव्हती. मिलो मिळायचा तो कार्डावरच्या माणसांपुरता. आमच्या कार्डावर नावं पाच आणि घरात ताटं सात. आत्याचं आणि तिच्या पोरीचं नाव चढवायचं, एवढंच काम होतं.

मी रकान्यात ‘होय, निजामाबाद’ असं लिहिलं. दर पौर्णिमेला पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याचं शील मी जरा मोठ्यानंच म्हणत असे, म्हणून लिहिलं असेल. किंवा तहसीलातल्या कारकुनाला माझं अक्षर दिसावं म्हणूनही असेल. आता नक्की सांगता येत नाही.

“अक्षर चांगलं आहे,” कारकून म्हणाला. “पण आता तिकडच्या ऑफिसला लिहून विचारावं लागेल, नाव कमी झालं की नाही ते. एका माणसाला दोन राज्यांत धान्य देता येत नाही.”

मला ते अगदी बरोबर वाटलं. परतताना मी आत्याला समजावूनही सांगितलं की एकानं दोन ठिकाणी उचललं तर दुसऱ्याला काहीच राहत नाही. ती म्हणाली, “हो माय, बराबर हाय.”

पत्र गेलं. आत्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. संध्याकाळी सगळ्यांचं झाल्यावर जेवायला बसायची, अर्धी भाकर घ्यायची आणि त्यातलीही मोडून पोरीला द्यायची. माझी आई आग्रह करायची, तर म्हणायची, “माह्यं झालं, वहिनी. कामावर सुकडी खाल्ली ना.” सुकडी, म्हणजे कामावर मजुरांना वाटायचं ते पौष्टिक पीठ, ती पदरात बांधून पोरीसाठीच आणत होती, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं.

मी कॉलेजातून येताना दर आठवड्याला तहसीलात डोकावायची. उत्तर आलं तेव्हा उन्हाळा लागला होता. पत्र इंग्रजीत होतं. कारकुनानं ते माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाला, “घे, तूच वाच.” मी वाचलं. आत्याचं आणि तिच्या पोरीचं नाव तिच्या दिराच्या कार्डावर होतं, आणि दोघींचं धान्य मागच्या महिन्यापर्यंत उचललेलं होतं.

म्हणजे सरकारी कागदावर आत्या निजामाबादेत पोटभर जेवत होती.

“तिकडचं नाव कमी करा म्हणून लिहा ना,” मी म्हणाले.

“कार्ड दिराचं. अर्ज त्याचाच लागेल.”

वडिलांनी आत्याच्या दिराला माझ्याकडून दोन पत्रं लिहवून घेतली. उत्तर आलं नाही. मी पुन्हा तहसीलात गेले. या वेळी धीर करून विचारलं, की आमच्या गावच्या पाटलांचं कार्ड इथे आहे आणि मध्य प्रदेशात, खंडव्याला मुलाकडेही आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, मग त्यांचं कसं चालतं?

कारकून चिडला नाही. मलाच समजावल्यासारखं म्हणाला, “त्यांनी रकाना कोरा ठेवला. कोऱ्या रकान्याची चौकशी आम्ही कुठे लिहून करायची, सांग?”

घरी येऊन मी हे सांगितलं. वडिलांनी हातातली विडी विझवली. मग म्हणाले, “तुले कोनं सांगतलं व्हतं लिहाले?”  शेजारची काकू दारातून म्हणाली, “कॉलेजवाली हाय बाप्पा. आत्याले दोन-दोन राज्यात जेवू घालून राह्यली.” सगळ्यांत आधी आत्याच हसली.

त्याच आठवड्यात आत्यानं मला पोस्टकार्ड आणायला लावलं.

“दिराले लिही. म्हनाव, मी पोरीले घेऊन येऊन राह्यले.”

“काहून, आत्या? तो तुले नीट वागवत नाही. तूच तर सांगत व्हती.”

“मंग काय करू? जथी नाव हाय तथीच जाऊन खातो.”

मी लिहू लागले. ती माझ्या हाताकडे बघत होती. थोड्या वेळानं म्हणाली, “असं लिही का मी खुशीनं येऊन राह्यले. नाही तं तो ठेवून घेनार नाही.”

मी थांबले. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. “लिही माय. आता खरं नोको लिहू.”

मी लिहिलं, खुशीनं येते आहे. त्याच सुवाच्य अक्षरात. या पत्राला दिराचं उत्तर आठ दिवसांत आलं : या.